रंकाळ्याकांठची सुटी

उन्हाळ्याची सुटी ही प्राध्यापकाच्या वांट्यास आलेली मोठीच चैन होय, असा एक समज समाजांत रूढ आहे. हा समज निराधार आहे असें आम्हीं आजवर पुष्कळांस पटवून पाहिलें. परंतु आमचे शेजारी बँकेंत, आमचे मेहुणे वीज कंपनींत आणि आमचा दूधवाला तर बारा महिने म्हशींच्या दिमतीस. तेव्हां आमच्या म्हणण्यास अनुमोदन मिळण्याची आशा आम्हीं केव्हांच सोडली आहे. खरें सांगावयाचें तर त्या सुटींत आम्ही जें करीत असूं त्यास काम म्हणावें कीं काय, याविषयीं आमच्याहि मनांत शंका आहे. ही शंका प्रथम केव्हां आली तेंहि आम्हांस पक्कें ठाऊक आहे. तो २००४ सालचा मे महिना होता.

त्या वेळीं आम्ही पस्तिशींत होतों. कोल्हापुरांत रंकाळ्याच्या पूर्वेस, तळ्यापासून हांकेच्या अंतरावर, एका जुन्या घराचा वरचा मजला आम्हीं भाड्यानें घेतला होता. घरांत आम्ही, सौ., आमच्या मातोश्री आणि दोन मुलें. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहांचा. भाडें बेताचें होतें, आणि बसावयाच्या खोलीस पश्चिमेकडे चांगली चार हात रुंद खिडकी होती. जागा दाखवितांना मालकांनीं ती मोठ्या अभिमानानें उघडून दाखविली. पैलतीरावर शालिनी पॅलेसचा मनोरा, अलीकडे पाण्यांत उभा असलेला संध्यामठ, आणि मध्यें वाऱ्यानें चुरगळलेलें पाणी. मातोश्रींनीं एकवार बाहेर पाहिलें, "ऊन येईल" एवढेंच म्हटलें, आणि खिडकी लावून घेतली. ती पुढें पांच वर्षें तशीच राहिली.

कोल्हापूरचा उन्हाळा हा वस्तुतः दुपारपुरता असतो. ऊन कलतें न कलतें तोंच सह्याद्रीच्या बाजूनें वारा सुटतो, आणि दिवसभर घरांत कोंडलेलें अर्धें शहर तळ्याच्या कट्ट्यावर येऊन बसतें. आमच्या घरांत मात्र हा वारा सगळ्या घरास वळसा घालून, जिना चढून, पूर्वेच्या दारानें चोरट्यासारखा यावयाचा. भेटीस येणारे लोक घाम पुशीत विचारीत, "ही खिडकी उघडत नाहीं का हो?" आम्ही सांगत असूं, "कड्या गंजल्या आहेत."

मुलांचें या खिडकीवांचून कांहीं अडत नसे. सुटी लागल्यापासून त्यांस इतकीं कामें असत, कीं आमच्या कुलगुरूंसहि नसतील. गच्चीवर आजीचीं वाळवणें पडलीं कीं काठी घेऊन कावळे हांकण्याची पाळी. कुरडयांचा गरम चीक वाटींत घेऊन त्यावर भांडण. गगनबावड्याच्या घाटानें कोंकणांतून आलेली आंब्यांची पेटी उघडली, कीं गवतांत हात घालून आज कोणता पिकला याचा शोध. आणि डोंगरांतून पाटी घेऊन येणाऱ्या बायांकडून पानाच्या द्रोणांतलीं करवंदें. सायंकाळीं आईबरोबर तळ्यावर फेरी, व परततांना गंगावेशींत म्हैस उभी असेल तिचें, डोळ्यांदेखत पेल्यांत काढलेलें दूध. धाकट्याच्या ओंठांवर त्या फेसाच्या पांढऱ्या मिशा येत, आणि घरीं येऊन आरशांत पाहीपर्यंत तो त्या कोणास पुसूं देत नसे. या फेरीस मातोश्रींचा विरोध नव्हता. परंतु घाटाच्या तिसऱ्या पायरीखालीं उतरावयाचें नाहीं, असा दंडक होता, आणि तो मोडल्याची चौकशी रोज कपड्यांच्या कडा चांचपून होत असे.

स्वतः मातोश्री तळ्यावर कधींहि गेल्या नाहींत. तळ्याच्या गोष्टी मात्र त्यांच्यापाशीं पुष्कळ. अंबाबाईच्या देवळासाठीं येथून दगड काढला, ती खाण होती. मग धरणीकंप झाला, पाताळांतून पाणी वर आलें आणि रंकभैरवाचें देऊळ त्यांत बुडालें, म्हणून या तळ्याचें नांव रंकाळा. कांठच्या देवळांतला नंदी रोज गव्हाभर पुढें सरतो आणि तांदळाभर मागें येतो; तो तळ्याशीं पोहोंचला कीं प्रलय होणार. ही कथा ऐकतांच थोरलीनें स्वयंपाकघरांतून एक गहूं आणि एक तांदूळ आणून पट्टीवर शेजारीं शेजारीं मांडले. तांदूळ गव्हाहून लांब भरला! "आजी, म्हणजे नंदी मागंच चाललाय कीं!" प्रलयावरचा हा प्रसंग मोठा बिकट होता. मातोश्री क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, हा बासमती. नंदीच्या वेळीं कुठला आलाय बासमती? त्या खालच्या डब्यांतला आजऱ्याचा घनसाळ आण." घनसाळ आंखूड भरला आणि प्रलय पूर्ववत् निश्चित झाला. त्यानंतर धाकट्यानें विचारलें, "देऊळ बुडालं तेव्हां आंत माणसं होतीं?" मातोश्रींनीं त्याचें उत्तर दिलें नाहीं. त्या वाळवण पाहावयास गच्चीवर गेल्या.

आम्ही या सगळ्यांत कोठें होतों? आम्ही प्रबंध लिहीत होतों. इंग्लंडांतील सरोवर-कवींच्या काव्यांत बालक आणि निसर्ग यांचें नातें कसें आलें आहे, हा आमचा विषय. (पदवी पुढें २००६ सालीं मिळाली. प्रबंध ग्रंथालयांत सुरक्षित आहे. म्हणजे त्यास कोणीं हात लावलेला नाहीं.) वर्ड्स्वर्थ हा १७७० सालीं जन्मला, आठव्या वर्षाच्या सुमारास आईस पारखा झाला, आणि पुढें हॉक्सहेडच्या शाळेंत शिकत असतां एस्थवेट नांवाच्या तळ्याकांठीं वाढला. त्या मुलानें रात्रीं दुसऱ्याची होडी कशी सोडून नेली, गोठलेल्या पाण्यावरून तो कसा घसरत गेला, डोंगर आपल्या पाठीस लागला आहे असें त्यास कसें वाटलें, या सर्वांचीं आमच्यापाशीं शेंदीडशें कार्डें होतीं. त्या तळ्यांपैकीं एकहि आम्हीं पाहिलेलें नव्हतें. त्याचा दोष आमच्या पगाराकडे जातो. परंतु जें तळें खिडकी उघडतांच फुकट दिसलें असतें तेंहि आम्ही पाहत नव्हतों. बालकाच्या विकासांत निसर्गसान्निध्याचें स्थान, हें तिसरें प्रकरण ऐन रंगांत आलें असतां "बाबा, तळ्यावर येतां?" म्हणून दार वाजे, आणि आम्ही आंतून ओरडत असूं, "गोंगाट करूं नका!" यांतला विनोद त्या वेळीं आमच्या लक्षांत आला नाहीं. सौ.च्या आला असावा. कारण मुलांस घेऊन जिना उतरतांना तिचें हंसणें आम्हांस ऐकूं येत असे.

या कवीचें 'प्रील्यूड' हें दीर्घ काव्य त्याच्या मृत्यूनंतर १८५० सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या पांचव्या भागांत एक प्रसंग आहे. अद्याप नऊ वर्षांचाहि न झालेला मुलगा सायंकाळीं तळ्याच्या पैलतीरावर कपड्यांचा ढीग पाहतो. कोणी पोहत असेल असें समजून तो वाट पाहतो. अंधार पडतो, कपड्यांचा धनी येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं लोक होडींतून गळ आणि लांब बांबू टाकून पाणी ढवळतात, आणि एक प्रेत ताठ वर येतें. कवि म्हणतो, आपणांस भीति वाटली नाहीं; कारण परीकथांच्या राज्यांत असलीं दृश्यें आपण आधींच पाहिलीं होतीं. आमच्या विषयाच्या दृष्टीनें हा प्रसंग कळीचा. आमच्या मार्गदर्शकांनीं त्याची दोनदां आठवण दिली. आम्हीं त्यास दोन ओळींच्या तळटीपेंत घालून मोकळे झालों होतों.

त्याचें कारण असें कीं १९७६ सालच्या मे महिन्यांत आमचा थोरला भाऊ आजोळच्या विहिरींत बुडाला. तो अकरा वर्षांचा होता, आम्ही सात. विहिरीच्या कांठावर त्याचा सदरा नीट घडी करून ठेवलेला होता. ओला झाला तर आई रागावेल म्हणून त्यानें तो आधींच काढून ठेवला होता. आम्हांसहि परीकथा पुष्कळ ठाऊक होत्या. त्यांचा आम्हांस कांहीं उपयोग झाला नाहीं. एवढ्या थोर कवीचें म्हणणें खोटें ठरविण्याचा आमचा अधिकार नाहीं. आमच्या घरापुरतें तें खरें नाहीं, इतकेंच. त्या दिवसापासून आमच्या घरांत कोणी पोहलें नाहीं, कोणीं विहिरींत वांकून पाहिलें नाहीं, आणि दादाचें नांवहि कोणीं घेतलें नाहीं. त्याची एक तसबीर होती ती ट्रंकेच्या तळाशीं गेली. आपणांस एक काका होता हें आमच्या मुलांस माहीत नव्हतें. खिडकीच्या कड्या गंजलेल्या नव्हत्या, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

त्या वर्षीं आदला पावसाळा ओढ देऊन गेला होता. चैत्र संपतांच रंकाळा उतरूं लागला. तळ्यांतला संध्यामठ हा एक जुना दगडी मंडप आहे. भर पावसाळ्यांत तो पुष्कळसा पाण्याखालीं असतो, आणि उन्हाळ्यांत पाणी ओसरेल तसतसा खांबाखांबानें वर येतो. धाकट्यानें असें ठरवून टाकलें, कीं मंडपाची जमीन दिसूं लागली म्हणजे बाबांनीं आपणांस तेथें न्यावयाचें. तिसरें प्रकरण आटोपलें कीं नेऊं, असें वचन आम्हींहि दिलें. म्हणजे एकीकडे पाणी उतरत होतें, दुसरीकडे प्रकरण चढत होतें. आणि दोहोंची गति सारखीच मंद होती.

एके दिवशीं 'भीति आणि विस्मय' या मथळ्याचें आमचें कार्ड सांपडेना. सारें टेबल उलथें केलें, सौ.वर उगाच चिडलों, आणि अखेर तें धाकट्याच्या उशीखालीं मिळालें. त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनें आडव्या रेघा ओढल्या होत्या. घाटाची जी नवी पायरी पाण्याबाहेर येई, तिची एक रेघ. सात रेघा झाल्या होत्या, आणि सातवीखालीं आठवीसाठीं जागा राखून ठेवली होती. आम्हीं त्यास रागें भरून कार्ड काढून घेतलें व रेघा रबरानें पुसल्या. हें लिहितांना आज बरें वाटत नाहीं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यांत सौ. एका लग्नासाठीं सांगलीस गेली. दुपारीं मुलांवर लक्ष ठेवण्याचें काम आमच्यावर होतें, आणि आम्ही तें दार लावून करीत होतों. चारच्या सुमारास मातोश्री डुलकींतून उठून दाराशीं आल्या. "मुलं कुठं आहेत रे?" आम्हीं मान वर न करतां म्हटलें, "असतील गच्चीवर." त्या वर गेल्या. मागोमाग आम्हीहि गेलों. गच्चीवर कुरडया होत्या, आणि कुरडयांवर चार कावळे अगदीं निर्धास्तपणें बसले होते.

मातोश्रींनीं आम्हांस कांहीं विचारलें नाहीं. त्यांचें वय तेव्हां पासष्ट होतें. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें जिना उतरतांना त्या कठडा धरून एकेक पायरी घेत. त्या दिवशीं त्या आमच्यापुढें अनवाणी, तापलेल्या डांबरावरून, पदराचें भान न ठेवतां धांवत गेल्या. आम्ही चपला शोधण्यांत मागें राहिलों. माणसाला अशा वेळीं चपला कां आठवाव्यात, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

घाटाच्या वरच्या पायरीवर धाकट्याचा सदरा घडी करून ठेवलेला होता. मातोश्री त्यापाशीं येऊन थांबल्या. त्या तेथें किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. आम्ही पोहोंचलों तेव्हां त्या सदऱ्याकडेच पाहत होत्या, पाण्याकडे नव्हे. आम्हीं मात्र खालीं पाहिलें. दोघेंहि पाण्यांत गुडघाभर उभीं होतीं. थोरलीनें धाकट्याचा हात घट्ट धरला होता, आणि तो पायाच्या अंगठ्यानें आठवी पायरी चांचपून पाहत होता.

दोन पायऱ्या खालीं एक वृद्ध वस्ताद बसला होता. कान मोडलेले, दंडाचा आकार अजून शाबूत. जवळ दोरीनें बांधलेले पांचसहा पत्र्याचे डबे. सुटींत हा मुलांस पोहावयास शिकवीत असे. मातोश्रींचा चेहरा पाहून तो उठला. "घाबरू नका आई," तो म्हणाला, "मघाधरनं माझं ध्यान हाय पोरांवर. त्याच्या म्होरं जाऊ दिलं नसतं."

आतां धपाटे बसणार असें आम्हांस वाटलें. मुलांसहि तसें वाटून तीं मुकाट्यानें वर आलीं. परंतु मातोश्री पायरीवर बसल्या. बराच वेळ त्यांची धाप कमी होईना. मग त्यांनीं तो सदरा उचलून मांडीवर घेतला, आणि वस्तादास विचारलें, "ह्या दोघांना शिकवायला किती दिवस लागतील?"

"पंधरा. पोर भेत नसंल तर धाच दिस."

"उद्यांपासून आणतें."

वस्तादानें आमच्याकडे एकवार वरपासून खालपर्यंत पाहिलें. "आणि ह्यास्नी?"

"त्याला जास्त लागतील," मातोश्री म्हणाल्या.

अशा रीतीनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहा वाजतां आमच्या घरांतून एक मिरवणूक निघाली. पुढें दोन मुलें, मध्यें पंचा गुंडाळलेले आम्ही, मागें चार टॉवेल घेऊन मातोश्री. सौ. सांगलीहून परतली होती, आणि या नव्या घडामोडीचें तिला इतकें नवल वाटलें कीं ती चहा उकळत ठेवून खालीं दारापर्यंत पाहावयास आली. पाठीस बांधावयाचा डबा हा तेलाचा रिकामा, झांकण डाक देऊन बंद केलेला. तो बांधल्यावर मुलें चपळ दिसतात आणि प्रौढ मनुष्य गाढवासारखा दिसतो. पहिल्याच सकाळीं आम्ही शेवटच्या पायरीस दोन्ही हातांनीं धरून पाय झाडीत असतां कट्ट्यावरून आवाज आला, "गुड मॉर्निंग, सर!" आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गांतले तिघे विद्यार्थी फिरावयास आले होते. आम्हीं त्यांस उत्तर दिलें कीं नाहीं तें आठवत नाहीं. नाकांत पाणी गेलें होतें. जूनमध्यें वर्ग सुरू झाल्यावर त्यांपैकीं एकहि विद्यार्थी त्याविषयीं बोलला नाहीं, आणि हें त्यांच्या सौजन्याचें लक्षण मानून आम्ही त्यांस नेहमीं थोडे अधिक गुण देत आलों.

वस्तादाची शिकविण्याची रीत साधी होती. तो पोटाखालीं हात धरी, आणि न सांगतां काढून घेई. मुलें एक घोट पाणी पिऊन खोकत, हंसत, पुन्हां आडवीं होत. आम्ही मात्र हात निघाल्याचें आधींच ओळखून उभे राहत असूं. "भांडू नका सर पाण्याशी," तो म्हणे, "त्ये उचलायला तयार हाय, तुमीच पाय टेकताय." तो स्वतः लहानपणीं कोटितीर्थांत शिकला होता. कोल्हापुरांत एके काळीं तळीं पुष्कळ होतीं. वरुणतीर्थाचें गांधी मैदान झालें, कपिलतीर्थावर मंडई उभी राहिली, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागीं आतां फुटबॉल खेळतात. रंकाळा एवढा मोठा, म्हणून त्यास कोणास बुजवितां आलें नाहीं. पुढें शहरानें त्यांत सांडपाणी सोडून आणि जलपर्णी माजवून दुसऱ्या मार्गानें तो प्रयत्न करून पाहिला, ती हकीकत निराळी. २००४ सालींहि पाणी अगदीं निवळशंख होतें असें नाहीं. परंतु मातोश्रींनीं त्यास कडुलिंबाचा पाला टाकलेल्या गरम पाण्याचें स्नान हा उतारा काढला होता, आणि कोणास साधी खरूजहि झाली नाहीं.

मातोश्री रोज त्याच एका पायरीवर बसत. पहिले दोन दिवस त्यांनीं पाण्याकडे पाठ केली होती. त्या जपमाळ ओढीत आणि मागून येणारा प्रत्येक आवाज ऐकत. तिसऱ्या दिवशीं त्या कुशीवर वळून बसल्या. पांचव्या दिवशीं त्यांनीं माळ घरींच ठेवली आणि वस्तादास त्याच्या सुनेच्या बाळंतपणाविषयीं विचारूं लागल्या. आम्ही हें सगळें पाण्यांतून, एका डोळ्यानें, पाहत होतों. दुसरा डोळा मुलांवर असे.

नवव्या दिवशीं मुलांचे डबे सुटले. धाकटा थोडें जाऊन परत फिरला. थोरली एकटीच दहाबारा हात पुढें गेली. मातोश्री उठून उभ्या राहिल्या. ती वळून येऊन पायरीस हात लावीपर्यंत बसल्या नाहींत. मग तिला पुढें घेऊन टॉवेलानें तिचे केस पुसतां पुसतां, कांहीं विशेष सांगत आहों असें न दाखवितां त्या म्हणाल्या, "तुमच्या काकालाहि पाणी फार आवडायचं."

"कुठल्या काकाला?"

"तुझ्या बाबांच्या दादाला. तुझ्याहून थोडा मोठा होता."

मुलांनीं प्रश्न विचारावयास सुरुवात केली. अठ्ठावीस वर्षांत आम्हांस जे विचारण्याचा धीर झाला नव्हता, ते त्यांनीं त्या पायरीवर पांच मिनिटांत विचारले. त्याचें नांव काय होतें? तो कितवींत होता? त्याला आंबा आवडायचा कीं करवंदं? बाबांना मारायचा का? आणि, तो कुठें गेला? मातोश्री एकेकाचें उत्तर देत होत्या. हांक मारावयाचें नांव सांगतांना त्यांचा आवाज थोडा अडला; पण करवंदांचें सांगतांना त्या हंसल्या. दादा करवंदें हिरवींच खात असे व मग त्याचे ओंठ चिकटत, हें आम्हांसहि पार विसरल्यासारखें झालें होतें. शेवटीं धाकट्यानें विचारलें, "त्याला कुणी डबा नव्हता बांधला?"

"नाहीं रे," त्या म्हणाल्या, "नव्हता बांधला."

आम्ही कमरेइतक्या पाण्यांत, पाठीवर डबा घेऊन उभे होतों. तोंडावर पाणी मारण्यास तेथें निमित्त शोधावें लागलें नाहीं.

त्या सायंकाळीं महाविद्यालयांतून घरीं आलों तों खोलींत वारा होता. सौ.नें डोळ्यांनींच पश्चिमेकडे खूण केली. खिडकीच्या खालीं मातोश्री तांदूळ निवडीत बसल्या होत्या, आणि सुपांतलें फोलपट उडून सगळ्या खोलीभर झालें होतें.

मेच्या अखेरीस संध्यामठाची जमीन उघडी पडली. प्रकरण आटोपलें नव्हतें; त्याची चौकशी या वेळीं कोणीं केली नाहीं. वस्तादास बरोबर घेऊन, थोडें चिखलांतून आणि थोडें छातीभर पाण्यांतून, आम्ही चौघे तेथें गेलों. पाहण्यासारखें आंत फारसें नव्हतें. शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेले खांब, चिखलाचा वास, एक तुटकी चप्पल. थोरलीची निराशा झाली. धाकटा मात्र एका खांबापाशीं गेला. पावसाळ्यांतल्या पाण्याची काळसर रेघ त्यावर होती, ती त्याच्या डोक्याच्या बरीच वर. तो खांबाला पाठ लावून उभा राहिला, आणि त्यानें आम्हांस सांगितलें, "बाबा, मी आत्तां पाण्याखालीं आहें." आम्हीं त्याचा हात धरला. आमचा हात थंड पडला आहे असें तो म्हणाला.

आम्हांस स्वतःला त्या उन्हाळ्यांत जेमतेम सात हात पोहतां येऊं लागलें, आणि आजहि, पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांत विशेष भर पडलेली नाहीं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत मृगाचा पाऊस रात्रीं पश्चिमेकडून आला. खिडकी उघडीच होती, आणि लिहावयाचें टेबल वाऱ्यासाठीं आम्हीं तिच्याखालीं ओढून घेतलें होतें. सकाळीं उठून पाहतों तों तिसऱ्या प्रकरणाचा सारा खर्डा भिजून एकमेकांस चिकटला होता. शाई पसरली होती. ऊन पडलें तशी मातोश्रींनीं गच्चीवर कुरडयांचें जुनें लुगडें अंथरलें आणि मुलांकडून एकेक पान त्यावर मांडविलें. कडेला खडे ठेवविले. आणि दोघांस काठ्या देऊन कावळ्यांच्या पहाऱ्यास बसविलें. दोनशें वर्षांपूर्वींच्या इंग्रज तळ्यांचा एवढा बंदोबस्त पूर्वीं कोणीं केला नसेल.

त्या तळटीपेचें पान मातोश्रींच्या हातीं आलें. इंग्रजी त्यांस येत नव्हतें. "ह्यांत काय आहे रे? पुसलं गेलंय," असें त्यांनीं विचारलें. दुसरें कांहीं सांगून वेळ मारून नेतां आली असती. परंतु आम्ही त्यांच्याजवळ लुगड्याच्या कडेला बसलों आणि ती सगळी हकीकत त्यांस मराठींत सांगितली: तळ्याच्या कांठावरचे कपडे, वाट पाहणारा मुलगा, दुसऱ्या दिवशींची होडी, आणि त्या मुलास भीति कशी वाटली नाहीं तें. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"त्या मुलाची आई कुठं होती?" त्यांनीं विचारलें.

आम्हीं सांगितलें, ती त्याच्या आधींच, तो आठ वर्षांचाहि नव्हता तेव्हां वारली होती.

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि वाऱ्यानें उलटीं झालेलीं पानें सारखीं करूं लागल्या.